स्कॉटलंडमध्ये बिऱ्हाड थाटताना

ग्लासगो, एडिनबरा, डंडी किंवा अ‍ॅबरडीनला राहायला येणार असाल, तर एक सवय आधीच लावून घ्या. इंटरनेटवर ‘युके’बद्दल काहीही वाचलं की स्वतःला विचारा, हे स्कॉटलंडला लागू आहे का? १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या संसदा एक झाल्या, पण कायदे आणि न्यायालयं, चर्च आणि शिक्षणपद्धती या गोष्टी स्कॉटलंडने स्वतःकडेच ठेवल्या. १९९९ पासून एडिनबऱ्यात इथली स्वतःची संसदही भरते. घरभाडं, दवाखाना, शाळा, आयकर, डोंगरात फिरण्याचा हक्क या सगळ्यांचे नियम इथे वेगळे आहेत. लंडनला दहा वर्षं राहिलेल्या मावसभावाने प्रेमाने दिलेला सल्ला इथे चुकीचा ठरू शकतो. आणि इथल्या माणसाला ‘इंग्लिश’ म्हणू नका. कुणी भांडणार नाही, पण मनाला लागतं.

पहिली पायरी: घर

खाजगी घरमालकाकडून घर घेताना १ डिसेंबर २०१७ नंतरचा करार ‘प्रायव्हेट रेसिडेन्शियल टेनन्सी’ या प्रकारचा असतो. त्याला संपण्याची तारीख नसते. तुम्हाला सोडायचं असेल तर साधारणपणे २८ दिवसांची नोटीस पुरते. मालकाला घर रिकामं करून हवं असेल, तर त्याला कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा करार मात्र वेगळा असतो, तो नीट वाचा.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासा. घरमालकाचं नाव स्कॉटिश लँडलॉर्ड रजिस्टरमध्ये आहे का, हे ऑनलाइन फुकट बघता येतं. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाच्या खात्यात न राहता ३० कामकाजी दिवसांत मान्यताप्राप्त डिपॉझिट योजनेत जमा व्हावं लागतं. तिसरं म्हणजे, ‘अ‍ॅडमिन फी’, ‘रेफरन्स फी’ अशा नावाखाली एजंट भाडेकरूकडून पैसे मागत असेल तर ते इथे बेकायदा आहे. सरळ नाही म्हणा. घर न बघता, भारतात बसून, अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम पाठवू नका. नवीन विद्यार्थी नेमके इथेच फसवले जातात. शेल्टर स्कॉटलंड आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरो यांच्याकडे सल्ला मोफत मिळतो, तिथे जायला संकोच करू नका.

कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कराचं, बिल घराच्या ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ गटांप्रमाणे येतं. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो, पण आपोआप नाही. विद्यापीठाकडून दाखला घेऊन कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट मागा. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पैसे बहुतेक घरांत याच बिलात येतात, त्यामुळे पाण्याचं वेगळं बिल का आलं नाही म्हणून घाबरू नका.

पत्ता वाचायलाही शिकावं लागतं. ग्लासगोत ‘२/१’ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा पहिला फ्लॅट. एडिनबऱ्यात तेच ‘२एफ१’ असं लिहितात. हा तुकडा गाळला, की पार्सल खाली दारातच अडकतं.

टेनमेंटचा जिना

या शहरांत तुम्ही बहुधा टेनमेंटमध्ये राहाल: तीन-चार मजल्यांची वालुकाश्माची दगडी इमारत, रस्त्यावरून एकच दार, आत सगळ्यांचा मिळून एक जिना. या जिन्याला ग्लासगोकर ‘क्लोज’ म्हणतात. काही क्लोजमध्ये भिंतींना अजून हिरव्या-तपकिरी चकचकीत फरशा आहेत, रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. मला स्कॉटलंडचा वारसा कुठल्याही किल्ल्यापेक्षा या जिन्यांत जास्त जिवंत वाटतो, कारण इथे लोक अजून पिशव्या घेऊन चढतात-उतरतात.

जिना सगळ्यांचा, म्हणून तो स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही सगळ्यांची. काही इमारतींत अजूनही पाळी असते: दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसते, या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची तुमची पाळी, असं सांगणारी. आपल्या मजल्यासमोरचा भाग आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडायच्या, पुसायच्या आणि पाटी शेजारच्या दाराला लावायची. इतर ठिकाणी सफाईवाला ठेवलेला असतो किंवा ‘फॅक्टर’ नावाची व्यवस्थापन कंपनी ते बघते. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्यांची दारं वाजवून नाव सांगा, जिन्याची पद्धत काय आहे आणि कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर काढायचा, ते विचारा. आजीबाई वयाची एखादी शेजारीण तुम्हाला कौन्सिलच्या वेबसाइटपेक्षा जास्त सांगेल. चपलांचं कपाट, सायकल, बाबागाडी जिन्यात ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायला तोच एक रस्ता असतो.

आता फोडणी. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात एकमेकांना जोडलेले अलार्म असणं कायद्याने बंधनकारक आहे. स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारा, तर बैठकीच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुरावर वाजणारा. म्हणजे तुमची मिरचीची फोडणी स्वयंपाकघरातला अलार्म वाजवत नाही, ती दारातून पॅसेजमध्ये गेली की घरभरचे सगळे अलार्म एकदम बोंबलतात. उपाय सोपा आहे: आधी खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा आणि मगच तेल तापवा. अलार्मवर मोजा किंवा प्लास्टिकची पिशवी चढवणारे महाभाग असतात, तसं कधीही करू नका.

जुन्या दगडी घरात ओल धरते. हिवाळ्यात कपडे घरातच वाळवावे लागतात, आणि खिडक्या बंद ठेवल्या की कोपऱ्यात काळी बुरशी येते. रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. काही घरांत छताला दोरीवर वर-खाली होणारी ‘पुली’ असते, त्यावर कपडे झकास वाळतात. ऊन पडलं की मात्र मागच्या सामाईक अंगणातल्या दोऱ्या गाठायच्या.

दवाखाना आणि ऊन

पत्ता मिळाला की लगेच जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडण्याची वाट बघू नका. आपल्याकडे कान दुखला की थेट कानाच्या डॉक्टरकडे जातो, इथे जीपीच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञापर्यंत पोचता येत नाही. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०११ पासून डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना पैसे लागत नाहीत. डोळ्यांची तपासणीही मोफत आहे. सर्दी, पित्त, लघवीचा संसर्ग, अंगावर उठलेलं पुरळ अशा कित्येक गोष्टींसाठी आधी औषधाच्या दुकानात जा. ‘फार्मसी फर्स्ट’ या व्यवस्थेखाली तिथला फार्मासिस्ट तपासून औषध देतो, त्यालाही पैसे नाहीत. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असताना १११, जिवावर बेतलं तर ९९९. एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेखाली, नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून शोध पहिल्या महिन्यातच सुरू करा. २६ वर्षांखालच्यांना एनएचएसचे दातांचे उपचार मोफत आहेत.

हिवाळ्याची तयारी म्हणजे जाड कोट, असं आपल्याला वाटतं. खरा त्रास अंधाराचा होतो. डिसेंबरात एडिनबऱ्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. ढगाळ दिवशी तो असून नसल्यासारखाच. इथलं सरकार सगळ्यांना ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा असं सांगतं, आणि सावळ्या त्वचेच्या माणसांनी ते वर्षभर घ्यावं. शाकाहारी असाल तर कॅप्सूल जिलेटिनची नाही ना, हे बघून घ्या. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चाला, पाऊस असला तरी. पहिल्या हिवाळ्यात उगाच रडू येणं, झोप न संपणं हे पुष्कळांना होतं. मनावर जड होत असेल तर जीपीला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग जून येतो, रात्री दहापर्यंत उजेड राहतो आणि सगळं शहर बागांत पसरतं.

छत्री घेऊन येऊ नका. इथल्या वाऱ्यात ती टिकत नाही. टोपी असलेलं, शिवणी सीलबंद असलेलं वॉटरप्रूफ जाकीट घ्या. ते इथे येऊन घेतलं तर जास्त बरं.

पैसे, बस आणि मतदान

बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या इथे बिनधास्त चालतात, इंग्लंडमध्ये मात्र एखादा दुकानदार नाही म्हणू शकतो, म्हणून लंडनला जाण्याआधी त्या खर्च करा. नोकरी लागली की पगाराच्या चिठ्ठीवरचा टॅक्स कोड ‘एस’ने सुरू होतो का बघा. स्कॉटलंडचे आयकराचे टप्पे वेगळे आहेत आणि मध्यम ते जास्त पगारावर इंग्लंडपेक्षा थोडा जास्त कर जातो.

२२ वर्षांखालच्या, इथे राहणाऱ्या प्रत्येकाला जानेवारी २०२२ पासून बसप्रवास मोफत आहे. परदेशी विद्यार्थ्यांनाही, पण त्यासाठीचं कार्ड आधी काढावं लागतं. स्टॉपवर बस येताना दिसली की हात दाखवा. उतरताना चालकाला ‘थँक्यू’ म्हणायची इथे पक्की रीत आहे, शाळकरी पोरंही म्हणतात. ग्लासगोचा सबवे १८९६ पासून एकाच वर्तुळात फिरतो, त्यामुळे चुकीच्या दिशेने बसलात तरी पोचाल. रविवारी मात्र तो संध्याकाळी लवकर बंद होतो.

कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या, १६ वर्षांपुढच्या परदेशी नागरिकांना स्कॉटिश संसदेच्या आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे १८ वर्षांनंतर ते वेस्टमिन्स्टरसाठी, म्हणजे लंडनच्या संसदेसाठीही, मत देऊ शकतात. पत्ता पक्का झाला की मतदार यादीत नाव घाला, पाच मिनिटांचं काम आहे.

मुलं असतील तर

शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात आणि जूनअखेर सुट्टी लागते. प्राथमिकचे सात वर्ग, ‘पी-वन’ ते ‘पी-सेव्हन’, मग माध्यमिकचे सहा. तुमच्या पत्त्याला बांधलेली सरकारी शाळा ठरलेली असते, म्हणून घर घेण्याआधी शाळा बघा. पहिल्या पाच वर्गांना दुपारचं जेवण मोफत मिळतं. मूल तीन वर्षांचं झालं की बालवाडीचे वर्षाला ११४० तास मोफत आहेत. इथे बाळ होणार असेल तर सुईणीकडे ‘बेबी बॉक्स’साठी नाव द्या: कपडे, पांघरूण, थर्मामीटर असं सगळं भरलेली पेटी प्रत्येक बाळाला सरकारकडून घरपोच येते.

बोलणं आणि खाणं

ग्लासगोकर पहिल्या दिवशी एक अक्षर कळू देत नाहीत. दोनदा ‘सॉरी?’ विचारलं तरी कुणी रागावत नाही. ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे तुम्ही राहता कुठे, हॉटेल कुठलं असं नव्हे. ‘मेसेजेस’ आणायला गेलेला माणूस किराणा आणायला गेलेला असतो. ‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेसहा. स्टॉपवर, दुकानाच्या रांगेत अनोळखी माणूस हवेबद्दल बोलायला लागतो, त्याला उत्तर द्या. इथल्या ओळखी अशाच सुरू होतात. पण सामन्याच्या दिवशी ग्लासगोत सेल्टिकचा हिरवा-पांढरा किंवा रेंजर्सचा निळा शर्ट गंमत म्हणून घालून फिरू नका. त्या रंगांमागे कॅथलिक-प्रोटेस्टंट वैराचा जुना इतिहास आहे.

शाकाहाऱ्यांनी दोन ठिकाणी जपावं. मसुराचं सूप, म्हणजे ‘लेंटिल सूप’, इथे परंपरेने डुकराच्या हाडाच्या पाण्यात शिजवतात, आणि बऱ्याच चिपच्या दुकानांत बटाटे गोमांसाच्या चरबीत तळतात. दोन्हीकडे विचारून मगच घ्या, लोक प्रामाणिकपणे सांगतात. हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं, ओट आणि मिरपूड घालून केलेलं असतं. त्याचा डाळी-कडधान्यांचा शाकाहारी प्रकार सुपरमार्केटमध्ये सहज मिळतो आणि मिरपुडीमुळे आपल्या जिभेला पटकन आवडतो. ‘टॅबलेट’ ही साखर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्कची वडी दिवाळीच्या फराळात ठेवली तर बर्फी म्हणून सहज खपेल. आपला किराणा ग्लासगोत पोलोकशील्ड्सच्या अ‍ॅल्बर्ट ड्राइव्हला, तर एडिनबऱ्यात लीथ वॉक भागात मिळतो. दोन्ही शहरांत हिंदू मंदिरं आहेत.

दुकानात दारू फक्त सकाळी १० ते रात्री १० विकता येते. पबमध्ये मंडळी ‘राउंड’ घेतात: एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने. फक्त सरबत घेणार असाल तरी राउंडमध्ये असाल तर आपली पाळी चुकवू नका, नाहीतर सुरुवातीलाच ‘मी माझं माझं घेईन’ म्हणा. गाडी चालवणार असाल तर दारूची मर्यादा इथे इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. सरळ घेऊच नका.

सणवार: बघायला नको, सामील व्हायला जा

ऑक्टोबरअखेर हॅलोवीनला मुलं दार वाजवतील. इथल्या जुन्या रीतीने, ज्याला ‘गाइझिंग’ म्हणतात, मूल आधी गाणं, कविता किंवा विनोद सादर करतं, मगच खाऊ मिळतो. त्यांना आत बोलवा आणि मन लावून ऐका.

वर्षाचा मोठा सण ३१ डिसेंबरचा, हॉगमने. त्यासाठी इथे १ आणि २ जानेवारी अशा दोन सुट्ट्या असतात. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल टाकणारा माणूस उंच आणि काळ्या केसांचा असला तर वर्ष चांगलं जातं, असा समज आहे. आपल्याकडे काळ्या केसांची कमतरता नाही, तेव्हा शेजारच्या आजी-आजोबांनी ‘फर्स्ट फुट’ म्हणून बोलावलं तर अवश्य जा. रिकाम्या हाताने नको: कोळशाचा तुकडा, शॉर्टब्रेड, व्हिस्कीची छोटी बाटली ही पारंपरिक भेट. ते तुम्हाला बसवून काहीतरी खायला-प्यायला देतील.

२५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती असते. त्याचा जन्म १७५९ साली आयरशरमधल्या अ‍ॅलोवे गावात झाला, आणि इथे शाळेतली मुलं जानेवारीत त्याच्या स्कॉट्स भाषेतल्या कविता पाठ करतात. त्यानिमित्तच्या जेवणाला, म्हणजे बर्न्स सपरला, बॅगपाइपच्या सुरात हॅगिसचं ताट येतं, सगळे उभे राहतात, एक जण हॅगिसला उद्देशून बर्न्सची कविता म्हणतो आणि ऐन ओळीवर सुरी खुपसतो. शेवटी ‘ऑल्ड लँग साइन’ गाताना गोल करून हात धरतात. हातांची फुली सुरुवातीपासून करू नका, शेवटच्या कडव्यालाच करायची.

सगळ्यात आधी मात्र ‘केली’ गाठा. ‘केली’ म्हणजे फिडल-अ‍ॅकॉर्डियनवरचा सामूहिक नाच. लग्नात, विद्यापीठात, शाळेच्या निधीसाठी, कुठेही असतो. नाचता येत नसलं तरी हरकत नाही: मंचावरचा ‘कॉलर’ प्रत्येक नाच आधी चालत समजावून देतो. ‘गे गॉर्डन्स’ सोपा आहे, तिथून सुरुवात करा. ‘स्ट्रिप द विलो’मध्ये दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि एक जोडी कोपरात कोपर अडकवून गिरक्या घेत रांगेतल्या प्रत्येकाला भेटत खालपर्यंत जाते. हात ढिला सोडलात तर भिरकावले जाल, म्हणून पकड घट्ट ठेवा आणि चक्कर आली तर बाजूला व्हा. सपाट तळव्याचे बूट घाला. साडी नेसली तर पदर आणि निऱ्या पिनांनी पक्क्या करा. किल्ट भाड्याने मिळतो आणि टार्टन, म्हणजे घराण्याघराण्यांचं चौकड्यांचं कापड, कुणीही घालू शकतं. तुमचं आडनाव जोशी किंवा शिंदे आहे म्हणून कुणी अडवत नाही.

वारसा बघायचा तर

ग्लासगोचं केल्विनग्रोव्ह आणि एडिनबऱ्याचं राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही मोफत आहेत, पावसाळी शनिवार तिथे काढा. सप्टेंबरात ‘डोअर्स ओपन डेज’ला एरवी बंद असलेल्या इमारती लोकांसाठी उघडतात. डंडीला व्हर्डंट वर्क्स चुकवू नका: बंगालच्या तागावर हे शहर कसं उभं राहिलं, ते त्या जुन्या गिरणीत दिसतं. ग्लासगोचा मर्चंट सिटी भागही तंबाखू आणि साखरेच्या, म्हणजे गुलामांच्या श्रमाच्या पैशातून सजला, हे तिथून चालताना लक्षात ठेवा.

आपला धागाही इथे आहे. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन हे एडिनबऱ्याच्या आग्नेयेला असलेल्या लॉडर गावचे, जन्म १८०४. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत मराठी भाषेवरचं टिपण त्यांनीच लिहिलं.

डोंगर

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना इथे स्वर्ग आहे. २००३च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळजवळ कुठल्याही माळरानावर, डोंगरावर, तळ्याकाठी फिरण्याचा आणि तंबू टाकण्याचा हक्क दिला आहे. अट एवढीच की जबाबदारीने वागायचं: कुणाच्या घराच्या बागेतून आणि उभ्या पिकातून जायचं नाही, फाटकं जशी असतील तशी ठेवायची, वसंतात कोकरांपासून लांब राहायचं. लॉक लोमंडच्या काठावरच्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूसाठी परवाना लागतो.

९१४ मीटरहून उंच २८२ शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. एकदम तिथे जाऊ नका. आधी आर्थर्स सीट, मग स्टर्लिंगजवळचा डमायट, मग उन्हाळ्यात बेन लोमंड. बेन नेव्हिस फक्त १३४५ मीटर आहे, कळसूबाईपेक्षा कमी, पण त्या आकड्याला भुलू नका: माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असतो आणि ढग पाच मिनिटांत वाट पुसून टाकतात. नकाशा, होकायंत्र, गरम कपडे, डोक्यावरचा टॉर्च हवाच. निघण्याआधी ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा अंदाज वाचा. उन्हाळ्यात पश्चिमेकडे संध्याकाळी वारा पडला की ‘मिज’ नावाची बारीक चिलटं हजारोंनी चावतात, डोक्यावरची जाळी जवळ ठेवा. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड चिकटली आहे का बघा, दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरला तर जीपीकडे जा.

कुठे चाललात आणि किती वाजेपर्यंत परताल, हे घरी कुणालातरी सांगा. वाट चुकलात किंवा पडलात तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. डोंगरात बोलण्यापुरती रेंज नसते पण मेसेज जातो, म्हणून ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ला एसएमएस करून फोनची नोंदणी आजच करून ठेवा.